दातांच्या खुणा

टेनर सॅक्सोफोनचा अगदी तळाचा स्वर तो भरत होता, आणि स्वर अर्ध्यावर असताना त्याचा वरचा पुढचा दात हलला. दुखलं काहीच नाही. कडीचा स्क्रू सैल झाला की दार हाताला जसं लागतं, तसं काहीतरी तोंडात लागलं. त्याने वाद्य बाजूला केलं, जिभेच्या टोकाने दात चाचपला आणि खिडकीबाहेर पाहत राहिला. समोरच्या इमारतीत एक बाई कठड्यावर गादी टाकून काठीने झोडपत होती. काठी पडायची, धूळ उडायची, आवाज मात्र जरा मागून यायचा. काही झालेलं नाही, असं त्याने स्वतःला सांगितलं, आणि ज्या सुरात सांगितलं तो सूर त्याला ओळखीचा वाटला नाही. पुन्हा वाद्य तोंडाला लावलं. या वेळी शेजारच्या दातानेही मान हलवली. मग तो तसाच बसून राहिला, मांडीवर वाद्य आडवं, झोपी गेलेल्या मुलासारखं जड. सॅक्सोफोनचं सगळं ओझं वाजवणाऱ्याच्या गळ्यातला पट्टा आणि उजवा अंगठा उचलतात, पण विश्वास असतो तो वरच्या दोन दातांवर. खालचा ओठ रीडखाली, म्हणजे फुंकल्यावर थरथरणाऱ्या वेताच्या पातळ चिपेखाली, उशीसारखा घ्यायचा आणि वरचे दात तोंडात धरायच्या माउथपीसच्या पाठीवर टेकवायचे. टेकले की आवाज दातांतून हाडात चढतो, हाडातून कवटीत, आणि कवटीत गेलेला आवाज म्हणजे बंद देवळात एकट्याने मारलेली हाक. बाहेर कितीही माणसं बसलेली असोत, आतला तो आवाज ज्याचा त्यालाच.

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याच्या तोंडात कापूस भरला आणि मगच, त्या सगळ्यांची सवय असते त्याप्रमाणे, प्रश्न विचारायला सुरुवात केली. तो हं हं करत राहिला. हिरड्या खचल्यात, दोन्ही काढावे लागतील, जखम भरली की काढता-घालता येणारी दोन दातांची पट्टी करून देऊ, असं त्यांनी सांगितलं. कापूस निघाल्यावर त्याने वाजवण्याचं विचारलं. वाजवा की, त्या म्हणाल्या, फक्त पुढच्या दातांवर जोर देऊ नका. घरी येऊन त्याने हे बायकोला सांगितलं, म्हणजे चालायला हरकत नाही, फक्त पायांवर उभं राहू नका, असा त्याचा अर्थ आहे, असंही सांगितलं आणि स्वतःच हसला. ती इस्त्री करत होती. तिने सदऱ्याची कॉलर उलटी करून तिच्यावर इस्त्री दाबून धरली, आणि बराच वेळ उचलली नाही. मग म्हणाली, "माझ्या त्या सवतींना सांगितलंत का?"

सवती मागच्या खोलीत राहत होत्या. लग्नानंतर पहिल्या वर्षी दोन होत्या, तेव्हा हा शब्द तिने चिडून वापरला होता. पुढे वाढत गेल्या तशी चीड झिजून गेली आणि नुसता शब्द उरला. दाराच्या मागे खुंटीला बॅरिटोन, सगळ्यांत थोराड सॅक्सोफोन, टांगलेला, त्याच्या रुंद तोंडात ती आपली छत्री उभी करून ठेवायची. कपाटावर सोप्रानो, सरळसोट, नाकासमोर चालणाऱ्या शिक्षिकेसारखा. एक आल्टो जहाजावरच्या वादकाकडून घेतलेला, खाऱ्या हवेने त्याच्या चाव्यांना हिरवा कळंक चढला होता आणि तो काढून टाकायला याचं मन होत नव्हतं. दुसरा आल्टो एका बाजूने चेपलेला, आणि चेपल्यामुळेच की काय, मधल्या सप्तकात रडवेला बोलणारा. पण खरा संसार होता तो माउथपीसांचा. बंद पडलेल्या शिलाई मशीनच्या खणांत, जुन्या चष्म्यांच्या घरांत, साबणाच्या डबीत, खोकल्याच्या गोळ्यांच्या पत्र्याच्या डब्यात. काळ्या कडक रबराचे, धातूचे, एक पांढऱ्या काचेसारख्या कशाचा तरी, जो वाजवला की दात शिवशिवायचे. प्रत्येक आणताना त्याने दारातूनच सांगितलं होतं, मिळाला, हाच तो. हाच, हाच करण्यात माझं आयुष्य गेलं, असं बायको शेजारणीला सांगायची, आणि त्यात तक्रार किती आणि मिरवणं किती हे तिलाही सांगता आलं नसतं.

तो कशाच्या शोधात होता हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं. मिशा नुकत्या फुटत होत्या त्या वयात, एका मोकळ्या जिन्यात उभं राहून त्याने असाच तळाचा स्वर भरला होता, आणि एकदम डोक्याच्या आत उजेड पडल्यासारखं झालं होतं. दातांपासून टाळूपर्यंत, टाळूपासून कानांच्या मागे, सगळीकडे तो स्वर उभा होता आणि आपण त्याच्या आत उभे होतो. देव माणसाशी बोलत असेल तर असाच बोलत असेल, शब्दांची खटपट न करता. वरून कुणीतरी ओरडलं, बंद कर ते, आणि स्वर गेला. तेव्हापासून तो परत आणायचा म्हणून हे सगळं. कधी जवळ यायचा, वळणावर दिसायचा, पुन्हा नाही. आता दात काढायच्या आदल्या दिवशी खण उघडून बसला तेव्हा माउथपीसांच्या पाठींवरच्या खुणांवरून त्याचं बोट फिरत होतं. बहुतेकांवर दोन खळगे, वर्षानुवर्षं दात टेकून पडलेले. वादक वादकाला यावरूनच ओळखतात. माउथपीस हातात आला की आधी पाठ बघायची, दातांच्या खुणा बघायच्या, कुणी वाजवला, किती वाजवला, घाबरून वाजवला की सुखाने, सगळं तिथे लिहिलेलं. हॉटेलातल्या नोकरीचे ते खोल खळगे, कारण मालक समोरच्या टेबलावर जेवायला बसायचा आणि याचे दात आपोआप रुतायचे. धातूच्या माउथपीसवरचे नुसतेच ओरखडे, थंडीच्या दिवसांतले, ओठ चिकटायचा म्हणून घाईघाईने वाजवलेले. वडील गेले त्या संध्याकाळी तो नाचाच्या कार्यक्रमात हा तिसरा वाजवत होता, निरोप मिळाला तो कार्यक्रम संपल्यावर, त्यामुळे या खळग्यांत वडील अजून जिवंत होते. आणि एक, कुणा गेलेल्या वादकाच्या बायकोकडून घेतलेला, त्यावर परक्या दातांच्या खुणा, अरुंद, एक दात जरा तिरपा. तो त्याला कधीच वाजवता आला नाही. दुसऱ्याच्या चपलेत पाय घातल्यासारखं व्हायचं, आणि चपलेच्या मालकाला चालताना दुखत होतं हेही कळायचं.

दात निघाले. त्या महिन्याभरात तो प्रार्थनेच्या सभागृहात नुसता ऐकायला जाऊन बसत असे. तिथे दर आठवड्याला ताई प्रवचन गाऊन सांगत. सगळे त्यांना ताईच म्हणायचे, त्यांच्याहून वयाने मोठे असलेलेही. त्या एखादी साधी गोष्ट घ्यायच्या, बोलत बोलत वाक्य सुरात चढवायच्या आणि वरच, टांगल्यासारखं, सोडून द्यायच्या. ते खाली उतरवायचं काम त्याच्या सॅक्सोफोनचं. असं कित्येक वर्षं चाललं होतं. वाक्य आणि स्वर यांच्या मधल्या जागेत देव येऊन बसतो, असं ताई म्हणत. तो ती जागा दर वेळी घासूनपुसून ठेवत आला होता. आता मात्र तो बाकावर बसून पाहत होता की ताई आपली वाक्यं आपणच पुरी करताहेत. चढवायच्या आणि आपणच उतरवायच्या. कुठेच काही टांगलेलं राहत नव्हतं. लोक माना डोलावत होते, कुणाला काही कमी पडलेलं दिसत नव्हतं, आणि हे बरंच झालं असं म्हणताना त्याची जीभ त्या मोकळ्या जागेत जाऊन हिरडीला लागत होती.

पट्टी आली ती गुलाबी, गुळगुळीत, दोन अनोळखी दात मिरवणारी. आरशात तो पूर्वीपेक्षा देखणा दिसू लागला, असं बायको म्हणाली. पण माउथपीसवर टेकवल्याबरोबर पट्टी टाळूवरून उचलली जायची आणि स्वराऐवजी तोंडात खडखड व्हायची. पट्टी काढून पाहिली, तर माउथपीस नुसत्या हिरडीवर, आणि डोळ्यांसमोर काजवे. मग त्याला आठवलं की जुन्या काळी काही लोक वरचाही ओठ आत दुमडून घेत, दात कुठेच लागू देत नसत. तसं केलं. पट्टी काढली, वरचा ओठ उरलेल्या दातांवर ओढून घेतला, दोन्ही ओठांच्या मध्ये माउथपीस धरला, जसा लहान मुलाच्या हातात आपण चमचा देतो तसा, आपला जोर न लावता. स्वर आला. पण कवटीत काही आलं नाही. शेजारच्या घरात कुणी वाजवत असावं तसा तो आवाज, पातळ, खोलीच्या पलीकडच्या कोपऱ्यातून आलेला, त्याच्याशी काही घेणंदेणं नसलेला. त्याने माउथपीस बदलला. पुन्हा तेच. आठवडाभर तो एकेक काढत गेला, चष्म्याच्या घरातले, साबणाच्या डबीतले, आणि प्रत्येक जण आपापल्या परीने मुका झालेला निघाला. ज्याच्यात हॉटेल होतं त्याच्यात हॉटेल नव्हतं. सगळ्यांनी मिळून काहीतरी ठरवल्यासारखं. जो वाजेनासा झाला तो पुसून, जुन्या कापडात गुंडाळून, खोक्यात. शेवटी त्याने संगीतशाळेला फोन करून सांगितलं की गाडी पाठवा, वाद्यं आणि सगळं सामान घेऊन जा, मुलं तरी वाजवतील.

बायकोने ते ऐकलं आणि भांडी जरा जास्त आवाज करत घासली. दुसऱ्या दिवशी दुपारी तो शेवटचं म्हणून टेनर घेऊन बसला. रोजचाच माउथपीस, ओठ दुमडून, सावकाश, एक सरळसाधी चाल. वाजवता वाजवता त्याला स्वतःची कीव आली, आणि कीव आल्यावर तो थांबला. स्वयंपाकघरातून बायको हात पुसत आली.

"थांबलात का? चांगलं चाललं होतं की."

"काय चांगलं? आवाज गेलाय सगळा. ऐकू येत नाही का तुला?"

"मला तर नेहमीसारखाच येत होता," ती म्हणाली. "मला वाटलं, पट्टी बसली एकदाची."

तो तिच्याकडे बघत राहिला. तिला खोटा धीर द्यायला फारसं जमायचं नाही, मुलांच्या तापातही ती डॉक्टरांना काय झालंय तेवढं सांगायची. त्याने तिला पुन्हा स्वयंपाकघरात जायला सांगितलं, पुन्हा तेच वाजवलं, आणि ओरडून विचारलं. तिनेही ओरडून सांगितलं की आहे तसाच आहे, आणि दूध उतू जातंय, आता किती वेळ उभं करणार आहात. तो खुर्चीत मागे टेकला. म्हणजे हा आवाज. हा पातळ, कोपऱ्यातला, पलीकडचा आवाज ती इतकी वर्षं ऐकत आली होती. ताई हाच ऐकत होत्या, बाकांवरची माणसं हाच ऐकून माना डोलावत होती. आणि ज्याच्यासाठी खणांवर खण भरले, तो कवटीतला उजेड, तो कधी कुणाच्या कानापर्यंत पोचलाच नव्हता. कुणाच्या घरात एक नुसता सॅक्सोफोन वाजत होता आणि एका माणसाच्या डोक्यात देऊळ. त्याला आधी राग आला, मग लाज वाटली, आणि मग, काही कारण नसताना, हलकं वाटलं, जड पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेताना मधल्या क्षणात वाटतं तसं. आयुष्यात प्रथमच तो आपलं वाजवणं दुसऱ्याच्या कानांनी ऐकत होता. त्यात वाईट काही नव्हतं. जरा सरळ होता आवाज, थोडासा चाचरणारा. असा माणूस शेजारी राहायला आला असता तर त्याने त्याला चहाला बोलावलं असतं.

रीड काढून माउथपीस पुसताना सवयीने अंगठा पाठीवरून फिरला आणि तिथेच थांबला. आठवडाभर रोज वाजवत होता, पण नव्याने काही उमटलं नव्हतं. साहजिकच, दात लागतच नव्हते. ओठ काय खूण ठेवणार. असा एखादा कोरा माउथपीस दहा वर्षं वाजवला तरी पाठ कोरीच राहील, आणि उद्या कुणी हातात घेतला तर म्हणेल, हा तर कुणी वाजवलेलाच नाही. हे शब्द मनात उमटले आणि ते आपण पूर्वी, असेच्या असे, कशाबद्दल तरी मनात म्हटले होते हे त्याला आठवलं. पत्र्याच्या डब्याच्या तळाशी, रुमालात, एक माउथपीस होता. तो त्याने खोक्यात टाकला नव्हता, कारण तो वाजवून पाहिलाच नव्हता, कधीच. पहिल्या नोकरीला निघाला तेव्हा बँडमास्तरांनी दिलेला. मास्तरांनीच त्याला शिकवलं होतं, पुस्तकाबरहुकूम, दात इथे, ओठ इथे. स्वभावाने करडे होते. भरघोस मिशा वरच्या ओठावरून खाली उतरलेल्या, आणि हसू आलंच तर रुमाल तोंडावर धरायचे. पोरं म्हणायची, मास्तरांना हसायला भाडं पडतं. निघताना त्यांनी हा रुमाल हातात दिला होता, माझा आहे, वाजव, एवढंच म्हणून आत गेले होते. याने जिन्यातच रुमाल सोडून पाठ बघितली होती. गुळगुळीत, कोरी, एकही खूण नाही. माझा आहे म्हणे. शाळेच्या कपाटातला एक, कुणी न वाजवलेला, माझा म्हणून हातावर ठेवला, स्वतःचा द्यायला जीव झाला नाही. तरी तो मास्तरांना भेटायला जात राहिला, पाया पडत राहिला, मास्तर गेले तेव्हा रडलाही. पण छातीत एक खडा राहिला, आणि तो कुठे बोचतो हे कुणाला दाखवण्याजोगं नव्हतं.

आता त्याने तो उजेडात धरला. पाठ कोरी होती. खालची बाजू त्याने तेव्हा पाहिलीच नव्हती, पाठ पाहिली की पाहून झालं, ही वादकांची जात. खाली रीड आवळायच्या पट्टीचे चरे होते, एकावर एक, चऱ्यांनी चरे खोडलेले, आणि कडा इतक्या झिजलेल्या की बोटाला साबणाच्या चिपेसारख्या लागत होत्या. एका माणसाचं सगळं आयुष्य यावरून गेलं होतं. दात मात्र टेकले नव्हते, कारण टेकवायला दात नव्हते. मिशांच्या आड ओठ दुमडून तो माणूस वाजवत होता आणि पोरांना दात कुठे ठेवायचे ते शिकवत होता, आणि हसताना रुमाल धरत होता. करडे कसले, लाजत होते. त्याने माउथपीस वाद्याला लावला, ओठ दुमडला आणि फुंकला. मास्तरांचा आवाज काही आला नाही. आंबट, चिरका, रीड न बसलेला आवाज आला, आणि तो डोळे मिटून तोच भरत राहिला, फुफ्फुसं रिकामी होईपर्यंत. बायको दारात येऊन उभी राहिली होती. काय झालं, असं तिने विचारलं. मास्तरांना दात नव्हते, तो म्हणाला. ती आत आली, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. म्हणाली, अहो, त्या वयात कुणाला असतात.

गाडी आली तेव्हा त्याने ती परत पाठवली नाही. बायकोला वाटलं होतं पाठवेल. बॅरिटोनमधून छत्री काढून तिने ती हातात धरली आणि खोकी जिन्यावरून उतरताना दाराशी उभी राहिली. टेनर ठेवला, त्याचा रोजचा माउथपीस ठेवला, आणि मास्तरांचा. बाकी सगळं गेलं. त्यातलं जे त्याने शोधलं होतं ते कुणाला देता येण्यासारखं नव्हतं आणि जे देता येण्यासारखं होतं ते पोरांना उपयोगी होतं. मागची खोली एकदम मोठी झाली, बोललं की घुमू लागली. संध्याकाळी बायको तिथे दोनदा जाऊन आली आणि म्हणाली, घर ओकंओकं वाटतंय, सवती तर सवती, पण त्यांनी घर भरलेलं होतं. ताईंचा फोन आला तेव्हा त्याने सांगितलं की जमेल असं वाटत नाही, ओठ लगेच सोलवटतो, चार ओळींच्या पुढे टिकत नाही. ताईंनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, बरं, पण वाद्य घेऊन या दादा, नुसतं मांडीवर असू दे.

सभागृहात दुपारचं ऊन बाकांवर पडलं होतं. तो नेहमीच्या जागी, भिंतीच्या कडेला बसला. बायको तिसऱ्या रांगेत. ताईंनी गोष्ट घेतली ती एका नावाड्याची. नदीच्या पलीकडे एक म्हातारी राहायची आणि रोज दिवस कलला की काठावर येऊन त्याला हाक मारायची. तिला अलीकडे यायचं नसायचं. अलीकडे तिचं कुणी नव्हतं, काम नव्हतं. हाक पोचते का, एवढंच तिला पाहायचं असायचं. पहिलं वाक्य ताईंनी चढवलं, आणि या महिन्यात दर वेळी पाहिलं तसं त्या उतरवतील म्हणून तो वाट पाहत होता. त्यांनी उतरवलं नाही. त्याने ओठ दुमडला. पहिली जागा भरली, दुसरी भरली. आवाज समोरच्या भिंतीवरून परत येत होता आणि तो ऐकत होता, कुणीतरी वाजवतंय असं. तिसऱ्या वेळी ओठाच्या आत काहीतरी उसवलं, जिभेला खारट लागलं. चौथ्या वेळी हवा नुसतीच बाहेर पडली. त्याने वाद्य मांडीवर ठेवलं, रुमाल तोंडाला लावला आणि ताईंकडे पाहून मान हलवली, आता नाही. ताई त्याच्याकडे पाहत नव्हत्या. त्या म्हणाल्या, आणि म्हातारीने हाक मारली. वाक्य वर गेलं आणि तिथेच राहिलं.

कुणीतरी खोकलं. बायको मान खाली घालून पिशवीत काहीतरी शोधू लागली, जे पिशवीत नव्हतं हे त्याला इतक्या लांबून कळत होतं. आणि म्हातारीने हाक मारली, ताई पुन्हा म्हणाल्या, त्याच सुरात, तितक्याच शांतपणे, वाट चुकलेल्या माणसाला पुन्हा सांगावं तसं नव्हे, तर वाट पाहणाऱ्या माणसाने पुन्हा दार उघडून बघावं तसं. पुढे गेल्या नाहीत. त्यांना जाता आलं असतं. महिनाभर जातच होत्या. बाकांवर चुळबुळ झाली आणि मग तीही थांबली, आणि सगळं सभागृह त्या अर्ध्या वाक्याखाली बसून राहिलं. तिसऱ्यांदा म्हणताना त्यांनी सूर खाली आणला, आणखी खाली, जिथे फारशी ताकद लागत नाही, नुसता श्वास सोडला तरी पुरतो, तिथवर. आणि म्हातारीने हाक मारली. त्याने रुमाल खिशात ठेवला. ओठ दुमडला, दुखला, तसाच दुमडला. एकच स्वर आला, तळाचा, कडेला फाटलेला, आणि संपायच्या आधीच संपला. तो भिंतीला जाऊन लागला आणि परत आला.

"आणि नावाडी म्हणाला," ताई म्हणाल्या, "ऐकू आलं, माय. ऐकू आलं."